अँबेसेडर पुढून डाव्या बाजूला झुकली आहे. टॉर्शन बारला किती पीळ द्यावा?

टॉर्शन बारला, म्हणजे पिळाच्या ताणाने स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्याला, पीळ किती द्यावा हे आपण विचारले आहे, परंतु गाडी झुकली आहे हे कशावरून ठरवले ते लिहिलेले नाही. टायर आणि मडगार्ड यांमधील फट पाहून ठरवले असेल, तर पाना हातात घेऊ नये.

वडिलांची १९७८ सालची मार्क ३ माझ्याकडे आली, तेव्हा डाव्या चाकावर दोन बोटे मावत आणि उजव्या चाकावर तीन. थोरल्या काकांनी अंगणात उभे राहूनच निदान केले की बारचा ताण कमी होऊन तो बसला आहे, आणि मोजमाप घेऊ या असे मी म्हणताच, डोळ्यांना दिसते ते मोजायचे कशाला, असे त्यांनी सुनावले. मिस्त्रींनी पीळ वाढवला आणि फट दोन्हीकडे सारखी झाली. मात्र महिन्याभरात गाडी डावीकडे ओढू लागली आणि त्या टायरची बाहेरची कड झिजू लागली. शेवटी चारही टायरांत योग्य हवा भरून, गाडी सपाट फरशीवर उभी करून, पुढून चार-पाच वेळा दाबून सोडून, मी चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या आतल्या पिनपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले, तर डावी बाजू १६ मिलिमीटर वर होती. मग मडगार्डच्या कडेला लोहचुंबक लावून पाहिले, ते चिकटेना. जुन्या अपघातानंतर पत्रा ठोकून, वर जाड पुट्टी भरून ती कड खाली उतरवलेली होती. बार पहिल्यापासून ठीकच होता.

मी पीळ पूर्ववत करून घेतला. काका आजही ती फट दाखवून गाडीला लंगडी म्हणतात, आणि मी आजही सांगतो की जुन्या गाडीच्या पत्र्यावरून उंची ठरवणे चूक आहे.

पिनेपाशी खरोखर फरक आढळला, तर आधी मागचे पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा) तपासावेत, कारण एखादे पान तुटले असले तरी पुढचा कोपरा खाली दिसतो. त्यानंतरच पीळ थोडा थोडा वाढवावा आणि प्रत्येक वेळी गाडी फिरवून आणून पुन्हा मोजावे. डावा व उजवा बार एकमेकांच्या जागी बसवू नयेत, कारण प्रत्येकाला एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: बारमध्ये ताण साठलेला असतो, म्हणून केवळ जॅकच्या भरवशावर बारच्या मागच्या टोकाच्या लिव्हरचा बोल्ट सोडू नये, गाडी स्टँडवर टेकवावी आणि काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.