उस्मानी राज्य धर्मयुद्धातून उभं राहिलं का?

प्रश्न : उस्मानी (ऑटोमन) राज्य ‘गाझी’, म्हणजे धर्मयोद्ध्यांनी उभारलं, असं वाचलं. इतिहासकार आजही हे मानतात का?

उत्तर : जसंच्या तसं नाही. हे मत इतिहासकार पाउल विटेक यांनी १९३७ साली लंडनमधल्या व्याख्यानांत मांडलं. मुख्य आधार दोनच : बुर्सा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) इथला १३३७चा शिलालेख आणि अहमदी या कवीचं काव्य. घोळ इथेच आहे. राज्याचा संस्थापक उस्मान १३२४च्या सुमारास वारला आणि हे काव्य त्यानंतर पाऊणएकशे वर्षांनी रचलेलं. आश्रयदात्याच्या पूर्वजांना दरबारी कवी धर्मवीर ठरवणारच! शिवाय उस्मानचा साथीदार कोसे मिहाल ख्रिस्ती होता, असं उस्मानी बखरीच सांगतात.

रूडी लिंडनर यांनी १९८३मध्ये टोळीवर भर दिला. टोळी म्हणजे रक्ताची नव्हे, समान हिताने जमलेली माणसं. हीथ लाउरी (२००३) यांना लूट आणि गुलाम हाच खरा हेतू वाटतो. आम्हांला जमाल काफादार (१९९५) अधिक पटतात : सरहद्दीवर धर्मयुद्धाची भाषा आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांशी दोस्ती एकत्र नांदत होती.

समकालीन साक्ष हवी असेल, तर उस्मानने बायझन्टाइन (पूर्व रोमन) सैन्याशी केलेल्या १३०२च्या बाफेउसच्या लढाईविषयी बायझन्टाइन इतिहासकार पाकिमेरेस वाचा.