अंडं नको आणि गावात व्हिपिंग क्रीमही मिळत नाही, तर चॉकलेट मूस कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की मूस दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही बासुंदीसारखं पातळ राहिलं आणि दुसऱ्यांदा चॉकलेटचे बारीक खडे झाले. घरात अंडं चालत नाही, आणि दुकानात फ्रेश क्रीमच्या छोट्या खोक्यापलीकडे काही मिळत नाही. मी अकोल्याची. हे दोन्ही प्रकार माझ्या स्वयंपाकघरात झालेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पातळ का राहिलं ते. आपल्याकडे मूस म्हणजे सोनाराची सोनं वितळवायची मूस. हा शब्द मात्र फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ फेस. फेस म्हणजे कोंडलेली हवा, आणि ही हवा धरून ठेवायला काहीतरी लागतं. अंड्याच्या प्रकारात ते काम पांढऱ्या बलकाचं, क्रीमच्या प्रकारात स्निग्धांशाचं. क्रीम थंड असताना फेटलं की त्यातले स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती भिंत उभी करतात. त्यासाठी क्रीममध्ये किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो, ३५ असेल तर काम सोपं. खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये तो साधारण २५ टक्के असतो. भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये ते उत्तम आहे, पण तासभर फेटलंत तरी भिंत उभी राहणार नाही. तुमचा हात कमी पडला नाही, वस्तूच त्या कामाची नव्हती.

काही जण यावर उपाय म्हणून चायना ग्रास घालायला सांगतात. त्याने घट्ट होतं हे खरं, पण ती वडी होते. चमच्यात घेतल्यावर थरथरते, तोंडात विरघळत नाही. जिलेटिन तर प्राणिजन्य, म्हणजे तुमच्या घरी तसंही बाद.

आता खडे. वितळलेलं चॉकलेट कोमट असताना त्यावर फ्रिजमधलं गार क्रीम एकदम ओतलं की चॉकलेटमधलं कोको बटर जागच्या जागी गोठतं. ते साधारण ३४ अंशाला वितळतं, त्याखाली घट्ट व्हायला लागतं. म्हणून क्रीमचं मूस करताना सगळा प्रश्न तापमानाचा असतो: चॉकलेट गरम असेल तर फेटलेलं क्रीम बसतं, गार असेल तर खडे होतात. बोट बुडवल्यावर गरमही लागू नये आणि गारही लागू नये, ती वेळ साधायची. दुसरं कारण म्हणजे क्रीम जास्त फेटलं जाणं. माझं पहिलं चांगलं, महागाचं क्रीम असंच गेलं. भाचीचा वाढदिवस होता. मी बीटर फिरवत राहिले, आणि आई मागून येऊन म्हणाली, "अगं थांब, लोणी आलं की हे!" खरंच आलं होतं. खाली ताक, वर गोळा. सायीचं लोणी काढताना शेवटी बर्फाचे खडे टाकतो आणि एका क्षणी रवी जड होते, तेच ते. आईने त्याचं तूप कढवलं. त्या दिवशी वाढदिवसाला श्रीखंड आणलं.

तुमच्यासाठी मात्र मी दुसरीच रीत सुचवेन. तिला क्रीम लागत नाही, अंडं लागत नाही. चॉकलेट, पाणी आणि बर्फ, एवढंच. एर्वे तीस नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत, स्वयंपाकात नेमकं काय घडतं याचा अभ्यास करणारे. त्यांनी १९९०च्या दशकात ही रीत मांडली. त्यांचा विचार साधा आहे: क्रीम म्हणजे तरी काय, तर पाण्यात विखुरलेला स्निग्धांश. चॉकलेटमध्ये स्निग्धांश आहेच, मग तो पाण्यात विखुरला आणि थंड करत फेटला तर क्रीमसारखाच फुलायला हवा. आणि फुलतो. वाचलं तेव्हा मला पटलं नव्हतं, कारण चॉकलेटला पाण्याचा थेंब लागू देऊ नये हे सगळ्यांनी सांगितलेलं. ते खरंही आहे, पण थेंबापुरतंच. चॉकलेटमधली साखर आणि कोकोचे कण कोरडे असतात. दोन थेंब पडले की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. भरपूर पाणी असलं की तेच कण सुटे होतात आणि गुळगुळीत सॉस तयार होतो.

चॉकलेट कुठलं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी कंपाउंडची लादी घेऊ नका. वेष्टनाच्या मागे घटक वाचा. कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. त्याचं मूस खाल्लं की टाळूला मेणासारखा थर राहतो. कोको बटर शरीराच्या उष्णतेहून कमी तापमानाला वितळतं, म्हणून ते जिभेवर नाहीसं होतं, आणि मूसमध्ये आपल्याला नेमकं तेच हवं असतं. किराणा दुकानात मिळणारं ५५ टक्के कोकोचं साधं डार्क चॉकलेट पुरेसं आहे, अमूलचं आमच्या इथे सगळीकडे मिळतं. घटकांत इमल्सिफायर ३२२ दिसलं तर घाबरू नका. ते लेसिथिन, स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरायला मदतच करतं.

प्रमाण असं: १५० ग्रॅम चॉकलेट आणि १३० मिलिलिटर पाणी. चार लहान वाट्या भरतात. वेगळं चॉकलेट असेल तर वेष्टनावर १०० ग्रॅममागे फॅट किती ते पाहा. त्या आकड्याची साधारण अडीच ते पावणेतीन पट, तेवढं मिलिलिटर पाणी १०० ग्रॅमला घ्या. म्हणजे फॅट ३२ असेल तर ८० ते ८८ मिलिलिटर. साखर चाखून ठरवा, ५५ टक्क्यांच्या चॉकलेटला मी घालत नाही. चिमूटभर मीठ मात्र घालाच, त्याने कडवटपणा मऊ होतो.

चॉकलेटचे तुकडे आणि पाणी एकाच पातेल्यात घेऊन अगदी मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. उकळू द्यायचं नाही. सगळं एकजीव होऊन चकाकी आली की उतरवा. (आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या वर जातो, तेव्हा ओट्यावर ठेवलेलं चॉकलेट तसंच मऊ होऊन बसतं.) मग मोठ्या परातीत बर्फ आणि थोडं पाणी घ्या आणि त्यात हे पातेलं बसवा. पातेलं स्टीलचं, पातळ बुडाचं असावं. जाड बूड उशिरा गार होतं आणि काचेचं वाडगंही तसंच. बर्फात मीठ घालू नका. त्याने कडेचं चॉकलेट आधी गोठतं आणि मधलं पातळच राहतं.

आता तारेच्या फेटणीने फेटायला लागा. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, नुसतं गढूळ पाणी हलवतोय असं वाटतं. इथे धीर सोडू नका. मग रंग किंचित फिका पडतो, फेटणीच्या रेघा उमटायला लागतात, आणि त्यानंतर सगळं फार झपाट्याने घडतं. फेटणी उचलल्यावर टोक मऊ वाकलं की लगेच पातेलं बर्फातून बाहेर काढा. अजून अर्धं मिनिट फेटू म्हटलंत तर रवाळ होईल, कारण बाहेर काढल्यावरही ते थोडं घट्ट होतंच. इलेक्ट्रिक बीटरने हा क्षण हातातून निसटतो, म्हणून मी हातानेच करते. लाकडी रवीनेही करून पाहिलं. होतं, पण हवा कमी धरली जाते आणि मूस जड लागतं.

ही रीत मला इतकी आवडण्याचं कारण म्हणजे ती चूक पोटात घालते. रवाळ झालं? पातेलं परत मंद आचेवर ठेवा, वितळवा, पुन्हा बर्फात घालून फेटा. फार घट्ट झालं? वितळवताना दोन चमचे पाणी वाढवा. फेटून फेटून हात दुखला तरी पातळच आहे? पाणी जास्त झालंय, वितळवून चॉकलेटचे तीन-चार तुकडे आणखी घाला. बिघडलेलं क्रीम परत जागेवर येत नाही, हे येतं. पहिल्यांदा मी एकाच चॉकलेटचं मूस तीनदा वितळवलं होतं आणि तिसऱ्यांदा जमलं. चव कुठेही कमी झाली नव्हती.

पाण्याऐवजी कुठलाही पातळ रस चालतो. कोरी कॉफी घेतलीत तर चॉकलेटची चव जास्त खुलते. थंडीत संत्री आली की मी गाळलेला संत्र्याचा रस घेते आणि वर थोडी साल किसून घालते. सालीचा फक्त केशरी भाग घ्यायचा, पांढरा आला की कडू होतं. दूध मात्र पहिल्या वेळी नको, त्याच्या स्वतःच्या स्निग्धांशाने प्रमाण बदलतं.

या मूसला फ्रिजमध्ये तासन्‌तास ठेवायची गरज नसते, केल्या केल्या खाता येतं, आणि तेव्हाच ते सगळ्यात हलकं असतं. उरलं तर झाकून ठेवा, नीट झाकून, कारण चॉकलेट शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास पटकन ओढून घेतं. फ्रिजमध्ये ते कडक होतं, म्हणून वाढायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा.

पाहुण्यांच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका. एखाद्या निवांत दुपारी ७५ ग्रॅम चॉकलेट आणि ६५ मिलिलिटर पाणी एवढंच घेऊन बघा, आणि टोक वाकण्याचा तो क्षण एकदा डोळ्यांनी पाहा. बर्फ मात्र दोन ट्रे तयार असू द्या. एका ट्रेचा बर्फ आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्यातच वितळून जातो.