डार्क फ्रेम वजा केली तरी फोटोतला नॉइज का जात नाही?

तुम्ही ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या गच्चीवरून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे दोन-दोन मिनिटांचे फोटो काढता, शेवटी टोपण लावून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो, म्हणजे डार्क फ्रेम, घेता, ती वजा करता आणि तरीही फोटो रवाळच, म्हणजे नॉइजने भरलेला, दिसतो. मग डार्कचा उपयोग तरी काय, असं तुम्ही विचारलंय. उपयोग नक्की आहे, फक्त तिच्याकडून अपेक्षा चुकीची ठेवली जाते.

आज आभाळ असेल तर घरातच एक प्रयोग करा. टोपण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, दोन मिनिटांच्या दोन डार्क लागोपाठ घ्या, अर्थात रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). कॅमेऱ्याचं स्वतःचं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा, नाहीतर तो आतल्या आत एक डार्क वजा करून मोकळा होतो. दोन्ही फाइली सिरिलमध्ये उघडा (खगोल फोटोंचं सॉफ्टवेअर, मोफत आहे), उजळपणा भरपूर ताणा आणि एकच कोपरा मोठा करून बघा. लाल, निळे, हिरवे ठिपके दोन्हींत अगदी त्याच जागी दिसतील. हे हॉट पिक्सेल. काही कॅमेऱ्यांत कडेला फिकट उजेडही दिसतो, तोही दोन्हींत सारखाच. ठिपक्यांमधला बारीक रवा मात्र दोन्हींत निराळा असतो. आता एकीतून दुसरी वजा करा. ठिपके जवळपास सगळे गेले, कडेचा उजेड गेला, रवा राहिला. मोजलात तर तो सुमारे १.४ पट वाढलेला दिसेल.

आकड्यांत सांगतो. समजा, सेन्सरच्या उष्णतेमुळे एका पिक्सेलमध्ये दोन मिनिटांत सरासरी १०० इलेक्ट्रॉन जमतात. दर वेळी नेमके १०० नाही. कधी ९२, कधी १०७. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साधारण १० चा. डार्क ते १०० काढून टाकते. १० चा चढउतार कुठलीच वजाबाकी काढू शकत नाही, कारण पुढच्या वेळी तो कुठे पडेल हे कुणालाच ठाऊक नसतं. वर तुमच्या एकुलत्या एक डार्कमध्येही तेवढाच चढउतार आहे, तो फोटोत मिसळतो आणि एकूण १४ होतो. २५ डार्कची सरासरी घेतलीत तर तिचा स्वतःचा चढउतार २ वर येतो आणि एकूण १०.२ होतो. म्हणून एक डार्क कधीच पुरेशी नसते. २०-२५ तरी घ्याच.

आता ठाण्याचं आकाश. तिथून समजा त्याच पिक्सेलमध्ये २००० इलेक्ट्रॉन नुसत्या शहराच्या उजेडाचे येतात. त्यांचा चढउतार ४५ च्या आसपास. त्यापुढे सेन्सरचे १० कुठल्या कुठे जातात: दोन्ही मिळून ४६ सुद्धा होत नाहीत. तुम्हाला दिसतोय तो रवा बहुतांशी आकाशाचा आहे आणि त्यावर मुख्य उपाय म्हणजे जास्त वेळ प्रकाश गोळा करणं. १६ फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढली, की रवा चौथ्या हिश्शावर येतो, ६४ केले की आठव्या. किंवा मग गाडी पकडून वांगणीला, कमी उजेडाच्या आकाशाखाली जायचं.

डार्क घेताना एक्स्पोजर आणि आयएसओ फोटोंचेच ठेवा. तापमानही तेच हवं आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. सेन्सरमधला हा उष्णतेचा प्रवाह साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. जानेवारीत पहाटे गच्चीवर काढलेल्या फोटोंना दुपारी घरात घेतलेल्या डार्क लावल्या, तर जास्तीचं वजा होतं आणि ठिपक्यांच्या जागी काळी भोकं पडतात. त्यामुळे डार्क तिथेच, फोटो संपल्या संपल्या घ्या. कूलिंगवाला कॅमेरा असेल तर हा प्रश्न येत नाही. सेन्सर उणे १० वर ठेवून डार्क पावसाळ्यात करून ठेवल्या तरी पुढे कितीतरी महिने चालतात.

साध्या डीएसएलआरला मात्र माझ्या मते डार्कपेक्षा डिदरिंग जास्त तारतं, म्हणजे दर दोन-तीन फोटोंनंतर माउंट (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) दहा-पंधरा पिक्सेल इकडेतिकडे सरकवणं. तारे जुळवून स्टॅक करताना हॉट पिक्सेल दर वेळी वेगळ्या जागी पडतो आणि सिग्मा क्लिपिंग (बाकी फोटोंपेक्षा फारच वेगळे आकडे गाळण्याची पद्धत) त्याला बाहेर काढतं. हे केलं नाही तर माउंटच्या सावकाश सरकण्यामुळे तेच ठिपके ओढले जाऊन फोटोभर तिरक्या रेघा उमटतात. पावसाच्या सरींसारख्या त्या रेघा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाहीत.

पुढेमागे ड्युअल बँड फिल्टर घेतलात तर हे गणित उलटेल. तो ६५६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो, शहराचा बहुतेक उजेड अडतो, म्हणून एक्स्पोजरही लांबवावं लागतं. मग आकाशाचा रवा खाली येतो, सेन्सरचा वर डोकं काढतो आणि आज चालून जाणारी ढिलाई डार्कमध्ये तेव्हा चालत नाही.