‘बँडिट क्वीन’शिवाय सीमा बिस्वास यांनी काय केलं?

बरंच काही, आणि त्यातलं थोडं मराठीतही. त्या मूळच्या आसाममधल्या नलबारीच्या. आई मीरा बिस्वास रंगभूमीवरच्या, त्यामुळे नाटक घरातच होतं. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण आणि तिथल्याच रेपर्टरीत, म्हणजे विद्यालयाच्या नाटकमंडळीत, काम. रंगमंचावरचं त्यांचं काम पाहूनच दिग्दर्शक शेखर कपूरनी त्यांना ‘बँडिट क्वीन’मधली फूलनदेवीची भूमिका दिली. त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण माझ्या मते त्यांचा खरा कस लागला तो ‘खामोशी’त (१९९६). नाना पाटेकरांबरोबर मूकबधिर जोडपं. संवाद नाहीत, सगळं हातांनी आणि डोळ्यांनी. नाटकात मुरलेल्या नटीलाच हे जमावं.

दीपा मेहतांच्या ‘वॉटर’मधल्या विधवा शकुंतलेसाठी त्यांना कॅनडाचा जिनी हा चित्रपट पुरस्कार मिळाला. मराठीत ‘बिनधास्त’ आहेच, पण आधी अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ बघा. संततिनियमनाचा प्रसार करणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या पत्नी मालतीबाई त्यांनी केल्यात. रंगभूमीही सुटलेली नाही: टागोरांच्या कथेवरचं ‘जीवित या मृत’ त्या एकट्याने करायच्या.