व्हीपीएन जोडल्यावर पिंग जातो पण वेबसाइट उघडत नाहीत. लिनक्सवर डीएनएस नेमका कुठे बदलायचा?

तुम्ही लिहिलंय की व्हीपीएन जोडल्यावर ८.८.८.८ या आकडी पत्त्याला पिंग जातो, पण नावाने काहीच उघडत नाही, रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमध्ये हाताने डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) लिहिला की जरा वेळ चालतं आणि मग फाइल पुन्हा होती तशी होते. पिंग जातोय, म्हणजे जोडणी चालू आहे. नाव कोणाला विचारायचं, एवढाच घोळ आहे.

आधी त्या फाइलला हात लावणं थांबवा. 'एलएस -एल' करून बघा, बहुतेक ती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) निघेल आणि उघडली की आत १२७.०.०.५३ हा एकच नेमसर्व्हर दिसेल. हा तुमच्याच मशीनवर चालणारा, नावांची विचारणा हाताळणारा प्रोग्राम, सिस्टमडी-रिझॉल्व्हड. तो प्रत्येक इंटरफेसचे डीएनएस वेगळे ठेवतो, वायफायचे वेगळे, टन० चे (व्हीपीएनच्या इंटरफेसचं हे नेहमीचं नाव) वेगळे. त्या एका फाइलमध्ये ही वाटणी लिहिताच येत नाही. (मी एकदा वैतागून 'सीएचॲटर +आय' ने फाइलला कुलूपच ठोकलं होतं. व्हीपीएन बंद केल्यावर मशीन व्हीपीएनच्या टनेलपलीकडच्या सर्व्हरलाच विचारत बसलं, आणि कुलूप आपणच लावलंय हे आठवायला मला अख्खी संध्याकाळ लागली.)

आता व्हीपीएन चालू ठेवून 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' चालवा आणि टन० खाली काय दिसतं ते वाचा.

तिथे डीएनएस सर्व्हर दिसतच नसेल, तर व्हीपीएन क्लायंटने (जोडणी करणाऱ्या प्रोग्रामने) तो सिस्टमला दिलेलाच नाही. ओपनव्हीपीएन टर्मिनलवरून चालवत असाल तर संशय इथेच घ्या: सर्व्हर डीएनएस पाठवतो, पण २.६ पर्यंतच्या आवृत्त्या लिनक्सवर तो स्वतःहून लावत नाहीत, त्यासाठी 'अपडेट-सिस्टमडी-रिझॉल्व्हड' ही स्क्रिप्ट जोडावी लागते. त्यापेक्षा व्हीपीएनची प्रोफाइल फाइल नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवर जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) इम्पोर्ट करा, मी तरी तेच करतो. वायरगार्ड या दुसऱ्या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये कॉन्फिगमधली डीएनएसची ओळ डब्ल्यूजी-क्विक हा जोडणी उभी करणारा प्रोग्राम 'रिझॉल्व्हकॉन्फ' या कमांडकडे देतो. ती कमांडच नसेल तर एरर येऊन इंटरफेस खाली येतो.

सर्व्हर दिसतोय पण विचारणा वायफायच्या सर्व्हरकडे जातेय, असं असेल तर प्राधान्य बदला. नेटवर्कमॅनेजरमध्ये 'आयपीव्ही४.डीएनएस-प्रायॉरिटी' असते. काही दिलं नसेल तर व्हीपीएनला ५० आणि बाकीच्यांना १०० धरतात. आकडा लहान तितका मान मोठा. उणे आकडा दिला की त्याहून मोठ्या आकड्याची कनेक्शनं डीएनएसच्या बाबतीत बादच होतात. म्हणून 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय' ने व्हीपीएनला -५० द्या आणि कनेक्शन तोडून पुन्हा जोडा. फक्त ऑफिसची नावं टनेलमधून आणि बाकी सगळं घरच्या डीएनएसवरून हवं असेल, तर मात्र उणे आकडा देऊ नका; तिथे ऑफिसच्या डोमेनपुढे टिल्ड (~) लावून तो व्हीपीएनच्या सर्च डोमेनमध्ये घाला.

मग 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' चालवून साठवलेली जुनी उत्तरं पुसा, आणि 'रिझॉल्व्हसीटीएल क्वेरी' ला एखादं नाव द्या. उत्तरातल्या पत्त्याशेजारी 'लिंक: टन०' असं छापून आलं की झालं. टर्मिनलमध्ये हे बरोबर येऊनही ब्राउझर अडत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधला सुरक्षित डीएनएस बंद करून बघा. तो चालू असला की ब्राउझर सहसा रिझॉल्व्हडला विचारत नाही.