विळी माळ्यावर, आई टेबलाशी

प्रश्न : आई ७४ वर्षांची. पक्षाघातानंतर डावा हात अधू आहे, तरी भाजी चिरायला विळीवर बसायचा हट्ट धरते. काय करावं?

उत्तर : चिरू द्या की! फक्त विळी माळ्यावर टाका. लाकडी पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोका, टोकं वर. त्यात बटाटा खोचला की एका हाताने चिरता येतो. (काम झालं की टोकांवर बुचं लावा.) पाटाखाली ओलं फडकं घाला, सरकत नाही. बसायला हातांची खुर्ची. डावा हात मांडीवर लोंबकळू देऊ नका. टेबलावर, सुरीपासून लांब, नजरेसमोर असू द्या. माझ्याकडच्या एका आजींना पहिल्या बटाट्याला दहा मिनिटं लागली. सून मदतीला धावली, तर तिलाच हाकललं! तुम्हीही धावू नका.