वाचकांचे प्रश्न : भरपूर लिहितो, पण ओळख होत नाही

प्रश्न : दोन वर्षांत ८० लेख ऑनलाइन टाकले. प्रवास, पुस्तकं, मोबाइल, बागकाम, जे सुचेल ते. एखादा लेख बरा चालतो, पण वाचक परत फिरकत नाहीत. ‘स्वतःचा नीश (म्हणजे लिखाणाचा नेमका, मर्यादित कोपरा) ठरवा’ असं सगळे सांगतात. तो ठरवायचा कसा?

उत्तर : ८० लेख हाताशी असताना नुसता विचार करत बसू नका, आधी आकडे बघा. तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे आणि त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती दिसते. (साइट आजच जोडली असेल, तर आकडे साचायला वेळ द्या.) त्यातली ‘क्वेरीज’ची यादी उघडा, म्हणजे लोकांनी काय टाइप केलं तेव्हा तुमचं पान समोर आलं, ते कळेल. एकेका शब्दाचे शोध सोडून द्या. चार-पाच शब्दांचे लांबलचक शोध बघा, त्यातही ज्यांत शोधनिकालांच्या यादीत तुमच्या पानाचं सरासरी स्थान ८ ते २० च्या दरम्यान आहे आणि ज्यांवर तुम्ही थेट लेख लिहिलेलाच नाही असे. एकाच अडचणीभोवती फिरणारे असे दहा-बारा शोध सापडले, तर तिथे खणायला हरकत नाही.

मात्र ‘बागकाम’ हा विषय झाला, नीश नव्हे. वाचक कोण, त्याचं नेमकं कुठे अडतं आणि ते तुम्हाला कशावरून ठाऊक, ही तिन्ही उत्तरं एका वाक्यात बसली पाहिजेत. उदाहरणार्थ, ‘जेमतेम तीन तास ऊन येणाऱ्या बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांसाठी, तशाच बाल्कनीतल्या नोंदींवरून.’

यामुळे लेख किती बदलतो बघा. कुंडीतल्या टोमॅटोवरचा नेहमीचा लेख सांगतो : भरपूर ऊन, वेळेवर पाणी, चांगलं खत. चूक काहीच नाही, उपयोगही नाही. आपल्या बाल्कनीवाल्याला मात्र आधी हे सांगावं लागतं की टोमॅटोला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं; तीन तासांत जागा अडवण्यापेक्षा पालक किंवा पुदिना लावा. तरीही हट्ट असेल, तर नत्राचं खत आवरा, नाहीतर पाला माजतो आणि फुलं रुसतात. बाल्कनी काचेने बंद असेल, तर वारा नसल्याने पराग झडत नाहीत; फुलांचा घोस सकाळी जरा उशिरा, ओल सुकल्यावर, बोटाच्या टिचकीने हलवावा लागतो. असा तपशील वाचलेला माणूस मिरचीसाठीही तुमच्याकडेच येईल.

प्रश्न : इतका अरुंद विषय घेतला, तर सहा महिन्यांत लिहिण्यासारखं संपणार नाही का?

उत्तर : आधीच तपासा. एका बैठकीत ३० शीर्षकं लिहा, प्रत्येक शीर्षक म्हणजे वाचक खरोखर विचारेल असा प्रश्न. बाराव्यालाच पेन थांबलं, तर एक तर विषय फार अरुंद आहे किंवा तुमची माहिती कमी आहे. दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं. उलट वीस मिनिटांत तिसाच्या तीस झाली आणि कुठल्याही मासिकात खपतील अशी वाटली, तर विषय अजून पसरट आहे. दुरुस्ती करताना वाचक, अडचण आणि अनुभव यांतली एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम हलवल्या, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

मग दहा लेख, तीन महिने. बहुतेक जण चौथ्या लेखालाच विषय बदलतात, कारण ते लाइक मोजतात. त्याऐवजी वाचकांकडून येणारे प्रश्न मोजा. ‘छान लिहिलंत’ अशा पन्नास प्रतिक्रियांपेक्षा ‘माझ्याकडे ऊन फक्त दुपारी येतं, मग काय करू?’ हा एक प्रश्न मोलाचा. तोच पुढचा लेख.

प्रश्न : माझ्या विषयावर आधीच ढिगाने लिहिलं गेलंय.

उत्तर : म्हणजे वाचक आहेत. जिथे कोणीच लिहिलेलं नाही, तिथे बहुधा कोणी विचारतही नसतं. तो विषय गूगलवर शोधून वर येणारे पहिले दहा लेख उघडा आणि त्यांत काय नाही याची यादी करा : मापं, तारखा, स्वतः काढलेले फोटो, फसलेले प्रयोग. फसलेले प्रयोग तर जवळपास कुठेच नसतात. गूगलनेही शोधनिकाल तपासणाऱ्यांसाठीच्या सूचनांत डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष जोडला. त्या तपासनिसांच्या गुणांनी एखाद्या पानाचा क्रमांक थेट बदलत नाही. पण कल कुठे आहे ते दिसतं.

प्रश्न : मग जुने, विषयाबाहेरचे लेख काढून टाकू?

उत्तर : नको. ज्यांवर अजून वाचक येतात ते राहू द्या, फक्त मेन्यूतून आणि पहिल्या पानावरून हटवा. एकाच गोष्टीवरचे दोन-तीन तुटक लेख असतील, तर ते एकत्र करा आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या लेखाकडे ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) लावा. हे राहून गेलं, तर जुन्या लिंकवरून येणाऱ्याला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं.